मेंदूच्या चित्रातली खरखर: पुसावी किती, ठेवावी किती

२००५ साली ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात डेरेक जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. नव्या शोधाचा दावा त्यात नव्हता, पण या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही अस्वस्थ करील असा मजकूर होता. स्किझोफ्रेनियाचे १४ रुग्ण आणि १४ निरोगी माणसे, अशा २८ जणांच्या मेंदूंचे डिफ्यूजन एमआरआय घेऊन दोन गटांत फरक कुठे दिसतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासले. दर वेळी बदलली ती एकच गोष्ट: तुलनेआधी चित्रे गुळगुळीत करणाऱ्या, म्हणजे स्मूदिंग करणाऱ्या, फिल्टरची रुंदी. शून्यापासून १६ मिलिमीटरपर्यंत. एका रुंदीला मेंदूच्या एका भागात फरक दिसला, दुसऱ्या रुंदीला दुसऱ्याच भागात, आणि काही रुंदींना फरक दिसलाच नाही. माणसे तीच, मोजमापे तीच, आजारही तोच. निष्कर्ष मात्र फिल्टरने ठरवला.

त्या काळच्या शोधनिबंधांत प्रत्येकाची रुंदी वेगळी असे. कुणी चार मिलिमीटर घेई, कुणी बारा, आणि तीच का घेतली हे सहसा लिहिलेले नसे. बहुतेकांच्या लेखी स्मूदिंग ही मुख्य कामाआधीची झाडलोट होती. ती झाडलोट नसून मोजमापाचाच भाग आहे, हे पटायला पुढची बरीच वर्षे गेली. अजून ते सर्वांना पटले आहे असे म्हणवत नाही.

स्मूदिंग करतात ती मुख्यतः खरखर, म्हणजे मोजमापातला यादृच्छिक गोंगाट, घटवण्यासाठी. डिफ्यूजन एमआरआयमध्ये ही खरखर इतकी त्रासदायक का ठरते, हे कळायला हे तंत्र मोजते काय ते आधी पाहावे लागते. पाण्याचा प्रत्येक रेणू सतत भरकटत असतो. या भरकटण्याचे, म्हणजे विसरणाचे (डिफ्यूजनचे), गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडले. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्यातला रेणू ५० मिलिसेकंदांत कुठल्याही एका अक्षावर साधारण १७ मायक्रॉन सरकतो. मेंदूच्या ऊतीत तो जेमतेम त्याच्या निम्मा सरकतो, कारण पेशींची पटले आणि तंतूंची आवरणे वाटेत येतात. तंतूच्या लांबीच्या दिशेने वाट बरीच मोकळी, आडव्या दिशेने बंद. म्हणजे पाणी कोणत्या दिशेने सहज सरकते हे कळले, की तंतू कोणत्या दिशेने गेले आहेत हेही कळते.

हे सरकणे मोजण्याची युक्ती एडवर्ड स्टेस्कल आणि जॉन टॅनर यांनी १९६५ मध्ये दिली. चुंबकीय क्षेत्राचा एक उताराचा स्पंद द्यायचा. त्याने प्रत्येक रेणूच्या जागेची नोंद त्याच्या सिग्नलच्या फेजमध्ये, म्हणजे लहरीच्या टप्प्यात, होते. थोड्या वेळाने तसाच दुसरा स्पंद देऊन ती नोंद पुसायची. जो रेणू जागचा हलला नाही त्याची नोंद पूर्ण पुसली जाते, जो हलला त्याची उरते. आणि अशा असंख्य विस्कळीत नोंदींची बेरीज झाली की एकूण सिग्नल घटतो. डनी ले बिहान यांनी १९८६ मध्ये हे तंत्र मेंदूच्या चित्रांपर्यंत आणले. १९९० मध्ये मायकेल मोझली यांच्या गटाने मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवले, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर विसरणातली घट फार लवकर, नेहमीच्या चित्रांत काही दिसण्याच्या आधी दिसते. १९९४ मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ले बिहान यांनी प्रत्येक व्हॉक्सेलमधल्या, म्हणजे चित्राच्या प्रत्येक घनाकार कणातल्या, विसरणाला टेन्सरचे, म्हणजे सर्व दिशांचे विसरण एकत्र सांगणाऱ्या गणिती राशीचे, रूप दिले. तिथून ‘फ्रॅक्शनल अनिसोट्रॉपी’, म्हणजे एफए, ही शून्य ते एक अशी मोजपट्टी आली. सगळ्या दिशांना सारखे विसरण असेल तर शून्य. एकाच दिशेने असेल तर एकच्या जवळ.

गोम अशी, की इथे माहिती सिग्नल घटण्यात आहे. ज्या दिशेने पाणी सर्वांत जास्त सरकते, त्याच दिशेने सिग्नल सर्वांत क्षीण होतो. जे जाणून घ्यायचे तेच सर्वांत अस्पष्ट ऐकू येते.

एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तंतूच्या लांबीच्या दिशेने विसरणांक प्रति मिलिसेकंद १.७ वर्ग मायक्रॉन आहे असे धरू. निरोगी श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूच्या तंतूंनी भरलेल्या भागात, तो याच्या आसपास असतो. डिफ्यूजनचा जोर बी-मूल्याने सांगतात. बी १००० असेल तर मूळ सिग्नलपैकी १८ टक्के उरतो, बी ३००० असेल तर एक टक्काही नाही: ०.६ टक्के. आता मूळ चित्रात सिग्नल खरखरीच्या वीसपट आहे असे समजू. म्हणजे खरखर पाच टक्के. पाच टक्क्यांच्या खरखरीत ०.६ टक्क्यांचा सिग्नल शोधायचा आहे.

ही खरखर बहुतांशी यंत्राच्या दोषामुळे येत नाही. विद्युतवाहकातल्या प्रभारांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे व्होल्टेज डळमळते, हे बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन आणि हॅरी नाइक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवले. इस्पितळातल्या दीड किंवा तीन टेस्लाच्या यंत्रात असा सर्वांत मोठा वाहक म्हणजे आत झोपलेला माणूस. त्याच्या शरीरातले क्षार विरघळलेले पाणीच ही खरखर निर्माण करते. यंत्र कितीही महाग घेतले तरी ती शून्यावर येत नाही.

मग जास्त वेळ मोजून सरासरी घ्यावी? तिथे वर्गमुळाचा नियम आडवा येतो. चारपट वेळ मोजले तर खरखर निम्मी होते, सोळापट मोजले तर पाव. उलट व्हॉक्सेल लहान केला की सिग्नल त्याच्या घनफळाच्या प्रमाणात घटतो. दोन मिलिमीटरच्या घनाऐवजी एक मिलिमीटरचा घन घेतला, तर सिग्नल आठव्या हिश्शावर येतो आणि ते नुकसान नुसत्या सरासरीने भरून काढायला ६४ पट वेळ लागतो. दहा मिनिटांचे स्कॅन साडेदहा तासांच्या वर जाते. त्या बंद नळीत दहा तास स्थिर पडून राहील असा माणूस कुठून आणणार?

खरखर आणि वेळ यांची ही अडचण एमआरआयच्या कुठल्याही प्रकाराला लागू आहे. डिफ्यूजनची खास अडचण पुढेच आहे, आणि ती जास्त कावेबाज आहे. मूळ सिग्नलला परिमाण असते तशी फेजही असते. हृदयाच्या ठोक्यागणिक मेंदू किंचित हलतो, आणि डिफ्यूजनचे स्पंद लागू असताना एवढ्याशा हालचालीनेही फेज विस्कटते. म्हणून प्रथा अशी पडली, की फेज टाकून द्यायची आणि फक्त परिमाण ठेवायचे. परिमाण कधी ऋण नसते. त्यामुळे जिथे सिग्नल जवळजवळ शून्य आहे, तिथेही खरखर वर-खाली न होता नेहमी वरच मोजली जाते. अशा आकड्यांचे वितरण घंटेच्या आकाराचे नसते. त्याला स्टीफन राइस यांच्या नावाने राइशियन वितरण म्हणतात. राइसही बेल प्रयोगशाळेचेच. त्यांनी हे गणित १९४०च्या दशकात मांडले तेव्हा समोर दूरसंचाराचे प्रश्न होते. एमआरआयमध्ये या पूर्वग्रहाकडे मार्क हेंकेलमन यांनी १९८५ मध्ये लक्ष वेधले, आणि गुडबियार्टसन व पॅट्झ यांनी १९९५ मध्ये त्याची नीट मांडणी केली.

सिग्नल नसलेल्या जागी मोजलेली सरासरी खऱ्या खरखरीच्या सव्वापट येते. वरच्या उदाहरणात खरा सिग्नल ०.६ टक्के होता. यंत्र दाखवील सुमारे सहा टक्के. दहापट! त्यावरून विसरणांक काढला तर १.७ ऐवजी ०.९ येतो. एखाद्याला वाटेल, की या तंतूत पाण्याची वाट अडली आहे, काहीतरी आजार आहे. प्रत्यक्षात अडलेले काहीच नाही. मोजपट्टीला खाली तळ आहे एवढेच. या तळाला ‘नॉइज फ्लोअर’ म्हणतात, आणि सरासरी घेऊन तो जात नाही. काटाच चुकीचा असलेल्या तराजूवर दहादा वजन केले तरी वजन बरोबर येत नाही, फक्त चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो.

एफएवरचा परिणाम आणखी विचित्र आहे. कार्लो पिअरपाओली आणि बॅसर यांनी १९९६ मध्ये दाखवले, की विसरण सर्व दिशांना अगदी सारखे असले तरी खरखरीमुळे टेन्सरच्या तीन आयगेनमूल्यांत, म्हणजे तीन मुख्य दिशांतल्या विसरणाच्या किमतींत, थोडाफार फरक पडतोच. मग त्यांची मोठ्यापासून लहानापर्यंत क्रमवारी लावली, की तो योगायोगाचा फरक दिशेसारखा भासू लागतो. जिथे दिशा नाही तिथे दिशा दिसते. याउलट जिथे दिशा ठळक आहे, तिथे नॉइज फ्लोअर तिला चपटी करतो. जोन्स आणि बॅसर यांनी २००४ मध्ये यावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच भुईमुगाच्या शेंगा दाबल्याचा आणि भोपळे फोडल्याचा उल्लेख आहे. एका दिशेच्या तंतूंतल्या विसरणाचा आलेख शेंगेसारखा दिसतो, एका प्रतलात पसरलेल्या तंतूंचा भोपळ्यासारखा, आणि खरखर दोन्हींचा आकार बिघडवते. शिवाय ‘स्मॅशिंग पम्पकिन्स’ या रॉक बँडची आठवण करून देण्याची हौसही भागली. शास्त्रज्ञांचे विनोद क्वचितच इतके अचूक असतात.

आता या खरखरीवरचा सर्वांत जुना उपाय: शेजाऱ्यांशी सरासरी. प्रत्येक व्हॉक्सेलच्या जागी त्याच्या आणि आसपासच्या व्हॉक्सेलांच्या किमतींची, गाउसच्या घंटेप्रमाणे भार दिलेली सरासरी ठेवायची. हे सोपे आहे, झटपट होते, आणि फंक्शनल एमआरआयमध्ये वर्षानुवर्षे चालत आले आहे. त्यामागे तीन हेतू असतात: खरखर कमी करणे, माणसामाणसांच्या मेंदूंत उरणारा जुळणीतला फरक झाकणे, आणि सांख्यिकी चाचण्यांची गृहीतके थोडीफार पाळली जाणे. तिन्ही हेतू रास्त आहेत. पण श्वेतद्रव्याची रचना या उपायाला मानवत नाही.

कॉर्पस कलोझम हा दोन अर्धगोलांना जोडणारा जाड पट्टा डावीकडून उजवीकडे जातो. त्याला जवळजवळ चिकटून, वरच्या अंगाने, सिंग्युलम हा तंतूंचा जुडगा पुढून मागे जातो. दोघांत अंतर काही मिलिमीटरांचे. आठ मिलिमीटर रुंदीचा फिल्टर फिरवला, की काटकोनात जाणाऱ्या या दोन दिशा एकमेकींत मिसळतात आणि एफए कोसळतो. दोन्ही जुडगे ठणठणीत असताना मधला प्रदेश रोगट दिसू लागतो.

फॉर्निक्सचे हाल याहून वाईट. स्मरणशक्तीशी संबंधित हा तंतूंचा बारीक जुडगा मेंदूजलाला लागून जातो. वयानुसार, आणि अल्झायमरमध्ये त्याहून वेगाने, मेंदू आक्रसतो आणि जलाने भरलेल्या पोकळ्या रुंदावतात. अशा वेळी स्मूदिंग केले की पोकळीतले पाणी हिशेबात फॉर्निक्समध्ये शिरते. पाण्याचे विसरण वेगवान आणि दिशाहीन, म्हणून एफए घटतो. तंतूंची अंतर्गत रचना बिघडली, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात कदाचित तो जुडगा फक्त बारीक झाला असेल. दोन्ही बातम्या वाईटच आहेत, पण त्या एकच बातमी नव्हेत. ओफेर पास्टरनाक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोकळ्या पाण्याचा वाटा वेगळा काढण्याची पद्धत मांडली, ती याच गोंधळातून सुटण्यासाठी.

ऑक्सफर्डच्या गटाने २००६ मध्ये वेगळी वाट काढली. स्टीफन स्मिथ आणि सहकाऱ्यांच्या टीबीएसएस या पद्धतीत सगळ्यांच्या श्वेतद्रव्याचा एक सामाईक सांगाडा काढतात आणि प्रत्येक माणसाच्या चित्रातली आसपासची सर्वाधिक एफए त्या सांगाड्यावर आणून ठेवतात. फिल्टरची रुंदी निवडण्याचा प्रश्नच मिटला. पद्धत अफाट लोकप्रिय झाली. स्किझोफ्रेनियाचाच प्रश्न घेऊन एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संघाने २०१८ मध्ये १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी व्यक्तींची तुलना प्रसिद्ध केली, तिचाही आधार हा सांगाडा होता. मेंदूभर पसरलेली एफएची घट तिच्यात दिसली. २८ जणांच्या अभ्यासात फिल्टरप्रमाणे जागा बदलणारा फरक चार हजारांवर माणसांत स्थिरावला, हे त्या क्षेत्राचे मोठे यश आहे. मात्र टीबीएसएस खरखरीतून सुटलेली नाही. ‘आसपासची सर्वाधिक किंमत उचल’ म्हटले की खरखरीमुळे फुगलेली किंमत उचलली जाण्याची शक्यता आलीच.

स्मूदिंग करायचेच असेल तर जरा अक्कल वापरून करावे, हा विचार दुसऱ्या बाजूने वाढत होता. पिएत्रो पेरोना आणि जितेंद्र मलिक यांनी १९९० मध्ये असा फिल्टर मांडला, की जो सपाट भागात सरासरी घेतो आणि कडा आली की थांबतो. गंमत म्हणजे त्याचे समीकरणही विसरणाचेच आहे: पाण्याचे विसरण मोजणाऱ्या चित्रावर गणिती विसरण चालवायचे. २००५ मध्ये आलेल्या ‘नॉन-लोकल मीन्स’ने शेजाराची कल्पनाच बदलली. व्हॉक्सेल जवळ आहे का यापेक्षा त्याच्या भोवतालचा तुकडा आपल्या तुकड्यासारखा दिसतो का, हे पाहून भार द्यायचा. फ्रान्समधल्या संशोधकांनी ती एमआरआयला आणि पुढे डिफ्यूजनला, राइशियन दुरुस्तीसह, लावली. पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झालेले सुयश आवटे यांनी रॉस व्हिटेकर यांच्यासोबत २००७ मध्ये मांडलेली पद्धतही याच वंशातली. मेंदूचे चित्र कसे असावे याची गृहीतके बाहेरून न लादता, तुकड्यांची सांख्यिकी खरखरीत चित्रातूनच शिकायची आणि खरखर राइशियन आहे हे धरूनच शिकायची, ही तिची कल्पना. बर्लिनच्या योर्ग पोल्झेल आणि कार्स्टन टॅबेलो यांनी रचनेप्रमाणे आपली व्याप्ती ठरवणारे स्मूदिंग विकसित केले. या सगळ्या पद्धती साध्या गाउसपेक्षा नि:संशय चांगल्या आहेत. पण बहुतेकींत कुठे ना कुठे एखादी किल्ली फिरवावी लागते: किती सारखे म्हणजे सारखे, कडा म्हणजे किती मोठा फरक. ती किल्ली माणसाच्या हातात राहिली, की जोन्स यांचा २००५ चा प्रश्न नव्या वेषात परत येतो.

त्या किल्लीतून सुटका झाली ती युक्रेनमधल्या खारकीव्हच्या गणितामुळे. व्लादिमिर मार्चेंको आणि लिओनिद पास्तूर यांनी १९६७ मध्ये एक प्रमेय सिद्ध केले. निव्वळ यादृच्छिक आकड्यांनी भरलेला मोठा आयत घेतला आणि त्याच्या कोव्हेरियन्सची आयगेनमूल्ये काढली, तर ती कुठेही पसरत नाहीत. एका ठरावीक पट्ट्यात आणि ठरावीक आकारात बसतात. तेव्हा मेंदूच्या चित्रांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. येले व्हेरार्ट, दिमित्री नोव्हिकोव्ह, एल्स फिरेमन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तो जोडला. डिफ्यूजनच्या स्कॅनमध्ये प्रत्येक व्हॉक्सेल पन्नास-शंभर वेगवेगळ्या दिशांनी मोजलेला असतो. पाच बाय पाच बाय पाच अशा १२५ व्हॉक्सेलांची खिडकी घ्यायची, सगळ्या दिशांची मोजमापे एका कोष्टकात मांडायची आणि त्याचे मुख्य घटक काढायचे. खरी रचना मोजक्या घटकांत गोळा होते, कारण शेजारच्या व्हॉक्सेलांत आणि शेजारच्या दिशांत पुनरुक्ती भरपूर असते. खरखर सगळ्या घटकांत विखुरते आणि तिची आयगेनमूल्ये मार्चेंको-पास्तूर पट्ट्यात बसतात. पट्ट्यातले टाकायचे, वरचे ठेवायचे. खरखर किती आहे, हा आकडाही त्याच पट्ट्यावरून मिळतो.

एमपी-पीसीए नावाची ही पद्धत आज बऱ्याच ठिकाणी पहिली पायरी म्हणून वापरली जाते, आणि तिच्या यशाचे कारण तिच्या संकोचात आहे असे म्हणावे लागेल. चित्र सुंदर करण्याचे वचन ती देत नाही. ज्याला खरखरच म्हणता येईल तेवढेच ती काढते, आणि संशय असला तर राहू देते. पण तिचीही गृहीतके आहेत. खिडकीतल्या प्रत्येक व्हॉक्सेलची खरखर शेजाऱ्यापासून स्वतंत्र हवी. चित्र एकदा सरळ केले, फिरवले, इंटरपोलेशन करून मधल्या किमती अंदाजाने भरल्या, की शेजाऱ्यांची खरखर एकमेकांत मिसळते आणि पट्ट्याचा आकार मोडतो. म्हणून ही पायरी सगळ्यांच्या आधी घ्यायची: आधी डिनॉइजिंग, म्हणजे खरखर काढणे, मग कडांशी उमटणाऱ्या गिब्ज लहरींची दुरुस्ती, त्यानंतर हालचाल आणि चुंबकीय स्पंदांनी उठणाऱ्या एडी करंटची. हा क्रम उलटला, तरी सॉफ्टवेअर तक्रार न करता चित्र देते. ते चूक असते एवढेच. दिशा सहा-बारा असतील तर पुनरुक्तीच कमी, म्हणून फायदाही कमी. आणि परिमाणाच्या चित्रांवर चालवली तर ती डळमळ कमी करते, तळ तसाच ठेवते. त्यासाठी चेंग कोय आणि बॅसर यांनी २००६ मध्ये दिलेल्या दुरुस्तीसारखा वेगळा उपाय लागतो.

तळावरचा खरा उपाय म्हणजे फेज टाकून न देणे. कॉर्नेलियस आइश्नर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की फेजमधला हळूहळू बदलणारा भाग आधी काढून टाकला, तर सिग्नल ‘खऱ्या’ अक्षावर आणता येतो. मग खरखर पुन्हा धन-ऋण दोन्ही होते आणि सरासरी खरोखरच खऱ्या किमतीकडे जाते. मिनेसोटाच्या स्टीन म्युलर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली नॉर्डिक पद्धत अशाच फेजसहित डेटावर चालते. सिग्नल पकडणाऱ्या अनेक कॉइलांनी वेगाने चित्र घेताना खरखर मेंदूच्या मध्यभागी जास्त आणि कडेला कमी होते. नॉर्डिक आधी तिला सगळीकडे सारखी करते आणि मग यादृच्छिक खरखरीच्या पातळीवर बेतलेला उंबरठा लावते. अडचण गणिताची नाही, सवयीची आहे. बहुतेक ठिकाणी यंत्रातून फक्त परिमाणाची चित्रे बाहेर काढतात, आणि एकदा टाकलेली फेज परत मिळत नाही.

अलीकडच्या काळात शिकणाऱ्या यंत्रणांचा बोलबाला आहे. त्यांच्यातही भेद करायला हवा. श्रेयस फडणवीस, जोशुआ बॅटसन आणि एलेफ्थेरिओस गारिफालिडिस यांनी २०२० मध्ये ‘पॅच-टू-सेल्फ’ मांडले. त्यात एका दिशेचे चित्र उरलेल्या सगळ्या दिशांच्या चित्रांवरून वर्तवायचे. रचना सगळ्यांत सामाईक असते म्हणून ती वर्तवता येते. प्रत्येक चित्राची खरखर त्याची स्वतःची असते, म्हणून ती वर्तवता येत नाही आणि आपोआप गळते. बाहेरचा कुठलाही ‘आदर्श’ मेंदू लागत नाही. त्याच रुग्णाच्या डेटात जे आहे त्यावरच काम चालते.

दुसऱ्या प्रकारची यंत्रणा म्हणजे न्यूरल नेटवर्क. अशी जाळी मात्र हजारो उत्तम चित्रांवर आधी शिकवलेली असतात, आणि शिकवणीला बहुधा ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टसारखा संग्रह असतो: २२ ते ३५ वयाचे निरोगी तरुण, १.२५ मिलिमीटरचे व्हॉक्सेल, ९० दिशांचे तीन थर. अशा जाळ्याला साठीतल्या ट्यूमरच्या रुग्णाचे सहा दिशांचे स्कॅन दिले, की ते पंचविशीतल्या निरोगी मेंदूच्या आठवणीने रिकाम्या जागा भरते. ही नुसती शंका नव्हे. जलद एमआरआयच्या पुनर्रचनेसाठी २०२० मध्ये झालेल्या फास्टएमआरआय स्पर्धेत, प्रत्यक्षात नसलेली रचना काही चित्रांत उमटल्याचे रेडिओलॉजिस्टांना आढळले होते. ती स्पर्धा डिफ्यूजनची नव्हती, पण धोका तोच आहे. खरखरीत चित्र पाहणाऱ्याला निदान कळते तरी, की इथे खात्री नाही. खोटी पण स्वच्छ रचना तेवढीही सूचना देत नाही.

मग पद्धत चांगली की वाईट हे ठरवायचे कसे? देखणेपणावरून नक्कीच नाही, तरी आजही कित्येक निबंधांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ची दोन चित्रे शेजारी ठेवून काम भागवलेले दिसते. जास्त प्रामाणिक कसोटी आहे वजाबाकीची: मूळ चित्रातून साफ केलेले चित्र वजा करा आणि उरलेला गाळ पाहा. गाळात मेंदूच्या घड्या, पोकळ्यांच्या कडा दिसल्या, तर खरखरीबरोबर मेंदूही थोडा पुसला गेला. अर्थात गाळ कोरा दिसला म्हणजे सगळे सुरक्षित, असेही नाही. केंड्रिक के यांनी २०२२ मध्ये डिनॉइजिंगमधल्या पूर्वग्रहाच्या धोक्यावर लिहिताना सांगितले, की दोन मोजमापे एकमेकांशी जास्त जुळू लागली म्हणजे ती सत्याच्या जवळ गेली असे होत नाही. दोन्ही एकाच बाजूला ओढली गेली असतील. प्रत्येकाला सरासरी मेंदू बनवणारी पद्धत पुनरावृत्तीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल.

शिवाय खरखर हा एकमेव शत्रू नाही. क्लाउस मायर-हाइन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २० गटांकडून आलेल्या ९६ ट्रॅक्टोग्राफी निकालांची, म्हणजे मोजलेल्या दिशांवरून काढलेल्या तंतूंच्या वाटांची, उत्तर आधीच माहीत असलेल्या कृत्रिम मेंदूवर परीक्षा घेतली. बहुतेकांना ९० टक्के खरे जुडगे थोडेफार तरी सापडले, पण त्यांच्यासोबत अस्तित्वात नसलेले जुडगे खऱ्यांहून कितीतरी जास्त निघाले. एका व्हॉक्सेलमध्ये अनेक तंतू एकमेकांना ओलांडत असतील, तर दिशा अगदी स्वच्छ मोजूनही वाट चुकते.

इस्पितळात याचा अर्थ काय? ताज्या पक्षाघाताच्या निदानासाठी घेतलेल्या साध्या डिफ्यूजन चित्रावर या वादाचा फारसा परिणाम होत नाही. तिथे फरक इतका ठळक असतो, की थोडी खरखर आड येत नाही. प्रश्न येतो ट्यूमरच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या रंगीत तंतूंच्या नकाशांत. ट्रॅक्टोग्राफीची सॉफ्टवेअर अनेकदा एफए ०.२ च्या खाली गेला की तंतू तिथेच थांबवतात. ट्यूमरभोवतालच्या सुजेने एफए आधीच घटलेला, त्यावर खरखर आणि बेहिशेबी स्मूदिंग. नकाशात तंतू दिसला नाही म्हणजे तिथे तंतू नाही, असे धरून चाकू चालवणे धोक्याचे आहे, हे अनुभवी न्यूरोसर्जन जाणतात. नातेवाइकांना मोबाइलवर दाखवलेल्या इंद्रधनुषी चित्रात मात्र ही शंका कुठेच उमटलेली नसते.

गेल्या वीस वर्षांचा एकंदर निकाल असा: व्हॉक्सेलांची आंधळी सरासरी डिफ्यूजनच्या कामात शक्यतो टाळावी, आणि केलीच तर रुंदी आणि तिचे कारण लिहावे, शक्य तर दोन-तीन रुंदींचे निकाल द्यावेत. डिनॉइजिंग पुनरुक्तीच्या आधारे, सगळ्यांत आधी, आणि जमल्यास फेजसहित करावे. आधी शिकवलेली जाळी ज्या प्रकारच्या रुग्णांवर शिकली, त्याच प्रकारच्या रुग्णांपुरती वापरावी. हे सगळे नंतर संगणकावर करता येते, पण त्याची तयारी यंत्राच्या खोलीतच करावी लागते. पडद्यावर चित्र छान दिसावे म्हणून १२८ च्या जाळीचे २५६ करणारी इंटरपोलेशनची सोय अनेक यंत्रांत असते. संशोधनासाठी स्कॅन घेणाऱ्यांनी ती बंद ठेवावी, फेजची चित्रे जपावीत आणि मूळ डेटा हात न लावता साठवावा. एमआरट्रिक्स आणि डायपाय ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, कुणालाही घरी बसून चालवता येतात. इंटरपोलेशन होऊन गेलेल्या चित्रातून मूळ खरखर परत मिळवण्याची सोय मात्र त्यांतल्या एकातही नाही.